पाणी, पंखा आणि एक अपुरे उत्तर

शालेय विज्ञानातील काही 'कारणे द्या' पिढ्यान्‌पिढ्या जशीच्या तशी चालत आली आहेत. त्यांपैकी एक असे : 'मोटारीच्या रेडिएटरमध्ये पाणी वापरतात. कारण द्या.' उत्तर ठरलेले आहे. पाण्याची विशिष्ट उष्माधारकता इतर सामान्य द्रवांपेक्षा जास्त असते. त्यामुळे पाणी पुष्कळ उष्णता शोषून घेते, पण त्याचे तापमान थोडेच वाढते. म्हणून इंजिन फार तापत नाही. विद्यार्थ्याला गुण मिळतात, शिक्षक पुढच्या प्रश्नाकडे वळतात.

याच विषयावर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा कुठल्याही गावच्या गॅरेजमध्ये एक वेगळे उत्तर मिळते. जुनी अँबॅसिडर, जुनी पद्मिनी किंवा जुनी जीप घेऊन गेलात आणि 'गाडी गरम होते' असे म्हणालात, की सल्ला येतो : पंखा बदला. चार पात्यांच्या जागी सहा पात्यांचा टाका, नाहीतर मूळचा काढून विजेवर चालणारा बसवा. बरोबरीने आणखी एक सल्ला मिळतो : थर्मोस्टॅट वॉल काढून टाका.

शाळेचे उत्तर पाण्यावर थांबते, गॅरेजचे पंख्यावर. पहिल्यात हवेचा उल्लेखच नाही. दुसऱ्यात पाण्याचा, विजेचा आणि हिशेबाचा नाही. या लेखात दोन्ही उत्तरे तपासायची आहेत. त्यासाठी आठवी ते दहावीच्या गणिताहून अधिक काही लागणार नाही. हा विषय फक्त मोटारवाल्यांचा आहे असेही नाही. कोल्हापूरच्या फाउंड्रीत ओतलेले इंजिनाचे भाग देशभर जातात. त्या फाउंड्रीत, लेथवर आणि गॅरेजमध्ये काम करणाऱ्यांची मुले आपल्याच वर्गात बसतात. घरी ऐकलेले आणि शाळेत शिकलेले यांची गाठ त्यांच्या मनात पडत नसेल, तर तो दोष मुलांचा नव्हे.

उष्णता येते किती?

पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेचे ढोबळमानाने तीन वाटे होतात. एक वाटा चाके फिरवतो, एक धुराड्यातून गरम वायूंबरोबर निघून जातो आणि एक सिलिंडरच्या भिंतींमधून पाण्यात उतरतो. भार, वेग आणि इंजिनाची बनावट यांनुसार प्रमाण बदलते, पण अंदाज बांधायला एवढे पुरे.

आता एक जुनी मोटार घेऊ. माणसे आणि सामान धरून वजन १५०० किलो. ती वैभववाडीहून करूळ घाटाने गगनबावड्याकडे चढते आहे. वेग ताशी २५ किमी, म्हणजे सेकंदाला सुमारे ७ मीटर. चढ बाराला एक धरू. निव्वळ वजन वर उचलायला लागणारी शक्ती १५०० × ९.८ × ७ ÷ १२, म्हणजे सुमारे ८.६ किलोवॉट. चाकांचे घर्षण आणि गिअरमधील ऱ्हास मिळवला, की इंजिनाला जवळपास १२ किलोवॉट द्यावे लागतात. इंजिनाची कार्यक्षमता २५ टक्के धरली, तर इंधनातून ४८ किलोवॉट ऊर्जा येते आणि त्यातील एक तृतीयांश, म्हणजे सुमारे १५ किलोवॉट उष्णता पाण्यात येते. घरातील एक किलोवॉटच्या पंधरा शेगड्या एकाच वेळी पाण्यात सोडल्या आहेत असे समजा.

हीच मोटार महाद्वार रोडवरच्या गर्दीत उभी असेल, तर इंजिन नुसते फिरत असते. तासाला एक लिटर पेट्रोल जळते असे धरू. एका लिटरमध्ये सुमारे ३.२ कोटी ज्यूल ऊर्जा असते. ती एका तासात, म्हणजे ३६०० सेकंदांत मोकळी होते. शक्ती सुमारे ९ किलोवॉट. येथे चाकांना काहीच जात नाही, म्हणून पाण्याचा वाटा थोडा मोठा : सुमारे ४ किलोवॉट.

हे दोन आकडे लक्षात ठेवू : घाटात १५, गर्दीत ४.

शाळेच्या उत्तराची परीक्षा

जुन्या मोटारीच्या यंत्रणेत सुमारे ७ लिटर पाणी असते असे धरू. पाण्याची विशिष्ट उष्माधारकता किलोमागे आणि अंशामागे ४.२ किलोज्यूल. पाणी ९० अंशांवरून ११० अंशांपर्यंत जायला ७ × ४.२ × २०, म्हणजे ५८८ किलोज्यूल लागतील. घाटात दर सेकंदाला १५ किलोज्यूल येत आहेत. भागाकार करा : ३९ सेकंद.

म्हणजे रेडिएटरमधून हवा जाणे अजिबात थांबले, तर पाण्याच्या मोठ्या उष्माधारकतेने आपल्याला चाळीस सेकंदही मिळत नाहीत. पाण्याऐवजी तेवढेच तेल भरले असते तर? तेलाची विशिष्ट उष्माधारकता सुमारे २, घनता ०.९ धरली, तर १७ सेकंद मिळाले असते. ज्या गुणधर्माला आपण सगळे श्रेय देतो, त्याने एकूण बावीस सेकंदांचा फरक पडतो. इंजिनाच्या ओतीव लोखंडाचे १२० किलो वजन हिशेबात घेतले, तरी सगळे मिळून दोन मिनिटांच्या आत मोटार थांबवावी लागेल. घाट मात्र अर्ध्या तासाचा असतो.

चूक कोठे झाली? उत्तरात 'शोषून घेते' हा शब्द आहे. शोषून घेऊन पाणी ती उष्णता कोठे ठेवते, याचा विचार केलेला नाही. पाणी हे येथे उष्णतेचे कोठार नाही. ते उष्णतेची वाहतूक करते. कोल्हापूरकरांना समजेल असा दाखला द्यायचा, तर पाणी म्हणजे उसाची ट्रॉली. फडातून ट्रॉल्या भरून येतात, कारखान्यात रिकाम्या होऊन परत जातात. ट्रॉली मोठी असेल तर खेपा कमी लागतील, हे खरे. पण कारखान्याची गाळप क्षमताच कमी असेल, तर ट्रॉली कितीही मोठी केली तरी गेटाबाहेरची रांग वाढतच जाणार. मोटारीत हा कारखाना म्हणजे रेडिएटर आणि त्यातून वाहणारी हवा.

वाहतूकदार म्हणून पाणी उत्तम आहे, याबद्दल वाद नाही. पंपाने सेकंदाला अर्धा लिटर पाणी फिरवले, तर १५ किलोवॉट नेण्यासाठी ते रेडिएटरमध्ये फक्त ७ अंशांनी थंड व्हावे लागते. तेल वापरले तर दुपटीहून अधिक फिरवावे लागेल, शिवाय ते दाट आणि उष्णतेचे मंदवाहक. तेव्हा उष्माधारकतेचा मुद्दा चुकीचा नाही, अपुरा आहे. तो किती अपुरा आहे, हे आजच्या मोटारींवरूनच दिसते. त्यांत साधे पाणी भरत नाहीत. पाणी आणि इथिलीन ग्लायकॉल यांचे मिश्रण भरतात. निम्मे-निम्मे मिश्रण घेतले तर त्याची विशिष्ट उष्माधारकता सुमारे ३.५ एवढीच, म्हणजे पाण्याहून कमी असते. तरीही ते वापरतात. कारण ते उशिरा उकळते, थंडीत गोठत नाही आणि त्यातील रसायने गंज रोखतात. ठरलेले उत्तर पाठ केलेल्या विद्यार्थ्याला हे कोडे सुटणार नाही.

ते उत्तर पूर्णपणे लागू पडते अशी एक जागा मात्र आपल्याच जिल्ह्यात आहे. नदीकाठी किंवा विहिरीवर उसाला पाणी देणारे ऑइल इंजिन पाहा. पंपाने उपसलेल्या पाण्यातील एक बारीक धार इंजिनाच्या पोटातून फिरवून पुन्हा पाटात सोडलेली असते. तेथे रेडिएटर नाही, पंखा नाही. पाण्यात ५ किलोवॉट उष्णता येत असेल, तर मिनिटाला ३ लिटरची धार सुमारे २४ अंशांनी तापून बाहेर पडते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. दर क्षणी नवे गार पाणी येते. येथे विशिष्ट उष्माधारकता हेच मुख्य कारण आहे. मोटारीत तेच सात लिटर पाणी पुन्हा पुन्हा फिरते, हा दोन्हींतील फरक. वर्गात ही दोन इंजिने शेजारी शेजारी मांडली, तर धडा चांगला समजेल.

मेबॅकची साक्ष

मोटारीच्या इतिहासानेही हाच निवाडा दिला आहे. कार्ल बेंझ यांच्या १८८६ च्या तीनचाकीला रेडिएटर नव्हता. पाणी उकळून वाफ होऊन जाई आणि वरून नवे घालावे लागे. पाण्याचा अप्रकट उष्मा मोठा, म्हणजे किलोला सुमारे २२६० किलोज्यूल असल्याने छोट्या इंजिनाचे भागत असे. आपल्या १५ किलोवॉटना ही पद्धत लावली, तर तासाला सुमारे २४ लिटर पाणी वाफ होऊन जाईल.

यातून वाट काढली विल्हेल्म मेबाख यांनी. १९००-०१ च्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीजला त्यांनी मधमाशांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला. त्यात ६ मिमी चौरस छेदाच्या ८०७० बारीक नळ्या होत्या. नळ्यांमधून हवा आणि त्यांच्या भोवतीने पाणी. मागे पंखाही होता, संथ चालीत हवा ओढण्यासाठी. त्याआधीच्या मोटारींना बरेच अधिक पाणी बाळगावे लागे. येथे सुमारे ९ लिटर पुरले. इंजिन मोठे झाले आणि पाणी घटले. वाढवली होती ती हवेला भिडणारी पृष्ठे. उष्माधारकतेच्या उत्तराने याचा उलगडा होत नाही.

या मेबाख पिता-पुत्रांनी १९०९ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीतून पुढे मेबाख मोटारी निघाल्या. त्यांपैकी एक कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याकडे आहे. शाही दसऱ्याला दसरा चौकात येणारी 'मेबॅक' गाडी पाहायला विद्यार्थी गर्दी करतात. गर्दीतून माणसाच्या चालीने जाणारी मोटार हीच रेडिएटरची खरी कसोटी असते, आणि त्या गाडीवर ज्यांचे नाव आहे त्यांनीच पोळ्याचा रेडिएटर घडवला, हे त्या वेळी सांगायला हरकत नाही.

रेडिएटरकडे बोट दाखवून आणखी एक प्रश्न विचारता येईल. पातळ पत्र्याच्या पट्ट्या, म्हणजे फिन, नळ्यांच्या बाहेरच का असतात? पाण्याच्या बाजूला का नसतात? कारण अडथळा हवेच्या बाजूला आहे. धातूकडून पाण्याला किंवा पाण्याकडून धातूला उष्णता सहज जाते. हवेला देताना ती अडते. जेथे अडते तेथे पृष्ठफळ वाढवायचे.

हवा लागते किती?

आता गॅरेजच्या उत्तराकडे वळू. बाहेर ३५ अंश, रेडिएटरमध्ये ९० अंश. आत शिरलेली हवा २५ अंशांनी तापून बाहेर पडते असे धरू. हवेची विशिष्ट उष्माधारकता किलोमागे सुमारे १ किलोज्यूल. मग १५ किलोवॉट नेण्यासाठी सेकंदाला ०.६ किलो हवा हवी. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. उन्हाळ्यात येथे एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.१ किलो भरते. म्हणजे सेकंदाला ०.५५ घनमीटर हवा. गर्दीतील ४ किलोवॉटना ०.१५ घनमीटर पुरेल.

ही हवा नुसत्या वेगाने मिळेल काय? रेडिएटरचे तोंड ०.१८ चौरस मीटर धरू. पुढची जाळी आणि दाट फिन यांमुळे समोरच्या हवेतील पाचवा हिस्सा आत शिरतो असे मानू.

ताशी ६० किमी वेगाला (सेकंदाला १६.७ मीटर) ०.६ घनमीटर हवा आपोआप मिळते. सपाट महामार्गावर लागणारी शक्ती घाटातल्यासारखीच असली, तरी पंख्याची गरज जवळपास नाही. घाटात ताशी २५ किमीला ०.२५ घनमीटर मिळते; हवी ०.५५. उरलेली पंख्याने ओढायची. त्यातही कोकणातून वर येताना वारा पाठीमागून असेल, तर समोरून मिळणारी हवा आणखी घटते. गर्दीत उभ्या मोटारीला वेगाने काहीच मिळत नाही. सगळी भिस्त पंख्यावर. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला डोंगर चढणाऱ्या वाहनांच्या रांगेत तर चढ, संथ चाल आणि ऊन तिन्ही एकत्र येतात.

म्हणजे गॅरेजवाल्याने बोट योग्य जागी ठेवले आहे. तो हवेकडे पाहतो, हा त्याचा गुण. पण 'मोठा पंखा' हे औषध सरसकट देण्याआधी पंख्याचे नियम पाहायला हवेत.

पंख्याचे तीन नियम

एकाच पंख्याची गती बदलली, तर हवा गतीच्या प्रमाणात बदलते, दाब गतीच्या वर्गाच्या प्रमाणात आणि लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. जुन्या मोटारीत पंखा वॉटर पंपाच्या दांड्यावर असतो आणि फॅन बेल्टने इंजिनाशी जखडलेला असतो. इंजिन नुसते फिरताना मिनिटाला ७०० फेरे आणि पूर्ण वेगात ४२०० धरले, तर हवा सहापट होते, पण शक्ती ६ × ६ × ६ म्हणजे २१६ पट. सुरुवातीला पंखा १० वॉट खात असेल, तर शेवटी २१६० वॉट खाईल. जवळपास ३ अश्वशक्ती. तीही महामार्गावर, जेथे त्याची गरज नाही. आणि जेथे त्याची सगळ्यांत जास्त गरज आहे त्या महाद्वार रोडवर तो सगळ्यांत सावकाश फिरतो. जुन्या रचनेचा हा दोष मूळचाच आहे. पाती वाढवून तो जात नाही, दोन्ही टोकांना थोडा सरकतो इतकेच.

विजेच्या पंख्याचे समर्थन येथे आहे. तो इंजिनाच्या गतीला बांधलेला नाही. तापमानाच्या स्विचने हवा तेव्हा चालतो, नको तेव्हा बंद. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मध्ये इंजिन आडवे बसवलेले होते. पुढच्या रेडिएटरसमोर बेल्टचा पंखा सरळ बसणे शक्य नव्हते, म्हणून तिला विजेचा पंखा दिला होता. तो आपल्या रस्त्यांवर तीस वर्षे चालला. मारुती ८०० चे आणि अँबॅसिडरचे उत्पादन दोन्ही २०१४ मध्ये थांबले. मारुतीचा असाच जुना पंखा आणून पद्मिनीवर बसवणे म्हणूनच सोपे वाटते.

पण घाटात काय होते ते पाहा. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन २५०० फेऱ्यांवर असते. वरच्याच नियमाने बेल्टचा पंखा तेथे सुमारे ४५० वॉट घेऊन हवा ओढत असतो. त्याला काढून ८० किंवा १०० वॉटचा विजेचा पंखा लावला, तर शहरात सुखावलेली मोटार घाटात उकळू शकते. विजेचा पंखा घट्ट कवचात, चांगल्या घडणीच्या पात्यांचा असेल तर तो कमी शक्तीत बरीच हवा ओढतो हे खरे. तरी तूट सगळीच भरून निघेल असे नाही. जुने ड्रायव्हर घाटात आधीच खालचा गिअर टाकतात, त्यामागे हेही शहाणपण आहे : इंजिन जोरात फिरते, म्हणून पंप आणि पंखाही जोरात फिरतात. विजेचा पंखा लावला की या युक्तीतील पंख्याचा भाग नाहीसा होतो.

हवा दुप्पट केली म्हणजे उष्णता दुपटीने जाईल, असेही नाही. हवा जितकी घाईने जाते, तितकी ती कमी तापून बाहेर पडते. हवा दुप्पट केल्यास उष्णता दीडपटीच्या आसपास वाढते, आणि त्यासाठी त्याच पंख्याला आठपट शक्ती लागते.

वीज कोठून आणायची?

या बदलात सर्वांत दुर्लक्षित राहते ती वीज. १२० वॉटचा पंखा १२ व्होल्टला १० अँपिअर घेतो. दोन हेडलाइट सुमारे ८ आणि इग्निशन कॉइल ३ अँपिअर. बेरीज २१. साठ-सत्तरच्या दशकांतील मोटारींना डायनामो असे. त्याची पूर्ण क्षमता २०-२२ अँपिअरच्या घरात, आणि तीही इंजिन वेगात असताना. नुसत्या फिरणाऱ्या इंजिनावर डायनामो जवळपास काहीच देत नाही. म्हणजे पंखा ज्या क्षणासाठी बसवला, नेमक्या त्याच क्षणी त्याचा सगळा भार बॅटरीवर. ५० अँपिअर-तासांची बॅटरी रात्रीच्या गर्दीत तासाभरात दोन पंचमांश रिकामी होईल आणि सकाळी स्टार्टर अडखळू शकेल. मग दोष बॅटरीला दिला जातो.

म्हणून डायनामोच्या गाडीत विजेचा पंखा म्हणजे आधी आल्टरनेटर, मग पंखा. त्याबरोबर रिले, योग्य क्षमतेचा फ्यूज आणि पुरेशी जाड वायर. पंख्याचा मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह घेतो. डॅशबोर्डच्या जुन्या स्विचमधून सरळ जोडणी केली, तर स्विच वितळण्याची भीती.

पंख्याआधीची यादी

मोटार तापण्याची कारणे पुष्कळदा पंख्याच्या आधीच सापडतात.

पहिले, रेडिएटरचे झाकण. ते प्रेशर कुकरच्या शिट्टीचे भावंड आहे. उघड्या भांड्यात पाणी कोल्हापुरात सुमारे ९८ अंशांना उकळते. झाकणाच्या स्प्रिंगने वातावरणाच्या निम्म्याएवढा जादा दाब धरून ठेवला, तर ते ११० अंशांच्या आसपास उकळते. स्प्रिंग थकली की हे बारा अंश हातचे गेले. सगळ्यांत स्वस्त भाग हाच.

दुसरे, क्षार. बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे भरले की नळ्यांत कीट धरते. नळी आतून जेमतेम २ मिमी रुंद असेल आणि दोन्ही भिंतींवर अर्धा मिलिमीटर थर बसला, तर वाट निम्मी झाली. येथे मोठा पंखा म्हणजे बंद गेटाबाहेर उभी केलेली जास्तीची क्रेन.

तिसरे, पंख्याचे कवच. रेडिएटर आणि पंखा यांच्यामधील फट झाकली नाही, तर पंखा रेडिएटरमधून हवा न ओढता बाजूची गरम हवाच घुसळत बसतो. दुरुस्तीच्या वेळी काढलेले कवच परत बसवायचे राहून जाते. पत्र्याचे कवच उद्यमनगरात कोणीही करून देईल.

चौथे, विजेच्या पंख्याची दिशा. तारा उलट जोडल्या, तर पंखा हवा पुढे ढकलतो आणि समोरून येणाऱ्या हवेशी झुंजतो. उभ्या मोटारीत पंखा चालू असताना वर्तमानपत्राचा कागद रेडिएटरच्या पुढच्या बाजूला धरावा. तो चिकटला पाहिजे. उडून गेला, तर जोडणी उलटी आहे.

राहिला थर्मोस्टॅट. 'पाण्याची वाट मोकळी करतो' म्हणून तो काढतात. मेणाच्या प्रसरणावर चालणारी ही झडप इंजिन गार असताना पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही आणि गरम झाल्यावर पूर्ण उघडते. ती चांगली असेल, तर घाटात ती उघडीच असते; काढून तेथे फारसे काही मिळत नाही. उलट थंडीच्या सकाळी इंजिन बराच वेळ गार राहते, पेट्रोल जास्त जाते, झीज वाढते. काही इंजिनांत झडप काढल्यावर बगलेची वाट उघडी राहते आणि थोडे पाणी रेडिएटर टाळूनच परत फिरते. बिघडली असेल तर ती बदलावी. गरम पाण्याच्या भांड्यात टाकून ती उघडते का, हे शाळेतही पाहता येते.

निवाडा आणि वर्गातले काम

गॅरेजच्या उत्तराबद्दल निवाडा असा : मोटार मुख्यतः शहरात, गर्दीत, मिरवणुकीत चालत असेल, आल्टरनेटर असेल आणि कवच नीट असेल, तर विजेचा पंखा ही खरीच सुधारणा आहे. घाटात नित्य जाणे असेल, तर मूळचा पंखा ठेवून कवच नीट करावे, फार तर जोडीला विजेचा लावावा. झाकण, कीट आणि कवच न पाहता पंखा बदलणे हे ताप न मोजता औषध देणे होय. येथे चूक महागात पडते. एकदा पाणी उकळले, की हेड गॅस्केट जाते, हेड वाकते, आणि पंख्यावर वाचवलेले पैसे कितीतरी पटींनी जातात.

शाळेच्या उत्तराबद्दल निवाडा : ते काढून टाकू नये, पुरे करावे. साठा आणि प्रवाह यांतील फरक हा उष्णतेच्या धड्याचा गाभा आहे, आणि नेमका तोच या उत्तरात निसटतो.

त्यासाठी एक साधा प्रयोग. पत्र्याचे दोन सारखे छोटे डबे घ्या. एकात १०० मिली पाणी आणि वर तेलाचा पातळ थर (बाष्पीभवन टाळण्यासाठी), दुसऱ्यात १०० मिली गोडेतेल. दोन्हींखाली सारख्या ज्योतीच्या पणत्या, सारख्या अंतरावर. दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवून आलेख काढा. ज्योत लहान ठेवा. तासाभराहून अधिक वेळ लागेल, म्हणून जोड तासिका घ्या आणि पूर्ण वेळ शिक्षकांनी जवळ थांबावे. तेल ९० अंशांपर्यंत आले तर पणती काढून घ्या. तेलाचा आलेख आधी चढतो, पाण्याचा मागून. पण वाढ मंदावत जाऊन दोन्ही ज्या तापमानाकडे झुकतात, ते जवळपास सारखे असते. कारण ते ठरवणारा डबा आणि बाहेरची हवा दोन्हीकडे सारखी आहे. विशिष्ट उष्माधारकता 'केव्हा' तापेल ते सांगते, 'किती' तापेल ते नव्हे.

मुलांना मोटारीजवळ नेणार असाल, तर दोन गोष्टी आधी बजावा : गरम रेडिएटरचे झाकण उघडायचे नाही, आणि विजेच्या पंख्याजवळ बोट न्यायचे नाही, इंजिन बंद असतानाही तो अचानक सुरू होऊ शकतो.

आणि पुढच्या चाचणीत तो जुना प्रश्न थोडा बदलून घाला : 'मोटारीच्या रेडिएटरमध्ये पाणी असते. तरीही चालती मोटार तापत नाही आणि गर्दीत उभी राहिलेली तापते. कारण द्या.' याचे उत्तर मार्गदर्शकात सापडणार नाही. ज्याचे वडील उद्यमनगरात काम करतात तो विद्यार्थी कदाचित ते सर्वांत आधी देईल.